सावडायचं राहिलंय : जपानच्या संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
जपान सरकार, इचिगाया, तोक्यो.

सविनय नमस्कार.

दक्षिण ओकिनावातल्या इतोमान आणि याएसे या भागांतली, १९४५ च्या लढाईत मेलेल्यांची हाडं अजून जिच्यात आहेत ती माती, अमेरिकी सैन्यासाठी ओकिनावातच हेनोकोला समुद्र बुजवून बांधल्या जाणाऱ्या नव्या लष्करी तळाच्या भरावात घालणार नाही, एवढं आपल्या खात्याने लेखी जाहीर करावं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पुढे जे काही लिहिलंय ते या एका मागणीसाठीच.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. नवऱ्याच्या संशोधनाच्या नोकरीमुळे गेली नऊ वर्षं ओकिनावात राहते आणि इथे वृद्धांच्या एका डे-केअरमध्ये मदतनीस म्हणून काम करते. मी परदेशी आहे, मला इथे मत नाही. पत्राचं जपानी भाषांतर आपल्या कार्यालयाला वेगळं पाठवलं आहे. तरी आधी मराठीतच लिहिलं, कारण मला जे म्हणायचं आहे ते ज्या शब्दात मावतं तो शब्द मराठी आहे : सावडणं.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी घरची माणसं सावडायला जातात. राख निवलेली असते. तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि बोटांनी चाचपून अस्थी वेचायच्या. त्या मडक्यात भरून नदीवर नेईपर्यंत मेलेलं माणूस घराच्या जिवाला लागून राहतं. आपल्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको. दहनानंतर घरचे लोक लांब काड्यांनी हाडं उचलून कलशात ठेवतात, पायापासून सुरुवात करून डोक्यापर्यंत येतात, हे मी इथे स्वतः उभं राहून पाहिलं आहे. ओकिनावात तर पूर्वी काही वर्षांनी कबर उघडून हाडं धुवायची आणि पुन्हा ठेवायची रीत होती, आणि ते काम बहुतेक घरच्या बायका करायच्या. म्हणजे हाडाचं मोल काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला आपल्या जपानी सैन्याशी लढताना ते गेले. तार आली, माणूस आलं नाही. वर्षभर वाट पाहून शेवटी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी माझी पणजी हट्टाने सावडायला गेली. दर्भाच्या राखेत हाड कुठून असणार? तरी ती बराच वेळ राख चाचपत बसली होती, असं आजोबा सांगायचे. हे सांगताना दर वेळी ते मधेच थांबायचे.

आपल्या सैनिकांवर राग म्हणून हे लिहीत नाही. त्याच मणिपुरात आपलेही हजारो तरुण उपाशी, तापाने फणफणून मेले, आणि आपल्या सरकारने १९९४ साली इम्फाळजवळ लोटपाचिंगला त्यांचं स्मारक उभं केलं. मी तिथे जाऊन आले आहे. मेलेल्या माणसाला शोधत त्याचं सरकार इतक्या लांब येतं, हे पाहून मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हणूनच इथे घरच्या जमिनीवर जे चाललंय ते मला पटत नाही.

इतोमानचं महत्त्व आपल्याला ठाऊक आहे, पण हे पत्र मराठी वाचकही वाचणार आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिका आणि जपान यांच्यातली शेवटची मोठी लढाई ओकिनावावर झाली. २६ मार्च १९४५ ला अमेरिकी सैन्य केरामा बेटांवर उतरलं, १ एप्रिलला मुख्य बेटावर. जपानच्या ३२व्या सैन्याचं मुख्यालय शुरीच्या किल्ल्याखाली भुयारात होतं. मेअखेर शुरी हातची जाणार हे स्पष्ट झालं. तेव्हा सेनापती उशिजिमा यांनी शरण न जाता उरलेलं सैन्य दक्षिणेच्या टोकाला न्यायचं ठरवलं. त्या टोकावर आधीच हजारो बायका-मुलं-म्हातारी आसऱ्याला गेली होती. इथे मे-जून म्हणजे पावसाचे दिवस. चिखलातून सैनिक आणि गावकरी एकाच वाटेने चाललेले, समुद्रावरून आरमाराच्या तोफा, वरून विमानं. या माऱ्याला इथले लोक ‘पोलादाचं वादळ’ म्हणतात. चुनखडीच्या नैसर्गिक गुहा, ज्यांना इथे ‘गामा’ म्हणतात, त्या माणसांनी भरून गेल्या. काही गुहांतून सैनिकांनीच गावकऱ्यांना बाहेर काढलं. २३ जूनच्या सुमारास उशिजिमांनी त्या टोकावरच्या माबुनीच्या कड्यावर आत्महत्या केली आणि संघटित लढाई संपली. प्रांत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे एकूण २ लाखांहून अधिक माणसं गेली. त्यांत अमेरिकी १२,५२०, आणि ओकिनावाची १ लाख २२ हजारांहून अधिक, म्हणजे इथल्या दर चार माणसांतलं एक. त्यांतली बहुसंख्य माणसं सैनिक नव्हती.

आता त्या टोकावरची एक जागा जवळून दाखवते.

माझ्या डे-केअरमध्ये एक आजी येतात. इथे आजीला ‘ओबा’ म्हणतात. लढाईच्या वेळी त्या ८ वर्षांच्या होत्या. आई, पाठीवर धाकटा भाऊ आणि त्या, असे तिघं शुरीकडून दक्षिणेला निघाले. वाटेत कुठेतरी आईचा हात सुटला. कुठे, ते त्यांना सांगता येत नाही. मोठी विहीर होती आणि ऊस होता, एवढंच आठवतं. इतोमानात विहिरी आणि ऊस कुठे नाही! आईची कबर नाही, मरणाची जागा नाही, तारीख नाही. म्हणून दर २३ जूनला त्या इतोमानातल्या कोमेसूच्या ‘कोनपाकू’ स्मारकापाशी जातात. आपल्या माणसाचं काय झालं हे ज्यांना कधीच कळलं नाही, असे कितीतरी लोक तिथेच जातात. गेली तीन वर्षं त्यांना मी नेते.

आजी पिशवीत काय घेतात ते सांगते. एक संत्रं, उसाचं कांडकं, चमेलीच्या चहाची बाटली आणि काळ्या चपट्या अगरबत्तीच्या वड्या. ही ओकिनावाची उदबत्ती पाटीसारखी सपाट असते, तिच्यावर मोडायच्या रेघा असतात. आजी ती नीट रेघेवर मोडतात, दगडापुढे ठेवतात आणि चहा ओततात. मग हात जोडून जपानीत नाही, त्यांच्या जुन्या ओकिनावी बोलीत काहीतरी पुटपुटतात. पहिल्या वर्षी मी विचारलं, काय म्हणालात? म्हणाल्या, “आई, तहान लागली असेल ना.”

ते स्मारक कसं झालं हेही लिहून ठेवण्यासारखं आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने माबुनीजवळच्या या ओसाड भागात मावाशी गावच्या लोकांना आणून वसवलं. त्यांचं स्वतःचं गाव लष्कराने घेतलं होतं. शेत नांगरायला जावं तिथे हाडं. १९४६ च्या सुरुवातीला किंजो वाशिन या गावप्रमुखांच्या पुढाकाराने लोकांनी ती हातांनी वेचली आणि एका जागी ठेवली. कोण सैनिक, कोण गावकरी, कोण जपानी, कोण परका, हे पाहायचा प्रश्नच नव्हता. सुमारे ३५ हजार माणसांच्या अस्थी! किंजोंनी स्वतःच्या मुली या लढाईत गमावल्या होत्या. पुढे यातले बरेच अवशेष माबुनीच्या राष्ट्रीय स्मारकात हलवले, पण लोक अजून कोनपाकूलाच येतात. ज्यांच्या अंगावर धड कपडा नव्हता, त्या माणसांनी आधी परक्यांच्या अस्थी सावडल्या आणि मग शेत केलं.

तेव्हा जे हाती लागलं नाही ते अजून जमिनीत आहे. सरकारी अंदाजानेच ओकिनावात अजून सुमारे २,६०० माणसांचे अवशेष मिळायचे आहेत. खोदणारे लोक हा आकडा कमीच मानतात. गुशिकेन ताकामात्सु हे गेली ४० वर्षं हेच काम करतात. ते स्वतःला ‘गामाफुया’ म्हणवतात, म्हणजे गुहा खणणारा. अशा स्वयंसेवकांबरोबर मीही दोन रविवार गेले. डोक्यावर दिवा, हातात बागेतली छोटी खुरपी, आणि पोटावर सरकत आत. मला वाटलं होतं हाड पांढरं दिसेल. तसं नसतं. ऐंशी वर्षांत हाडाने मातीचा, चुनखडीचा रंग घेतलेला असतो. शेजारी दगड आणि हाड पडलं तर डोळ्याला फरक कळत नाही. उचलून तळहातावर घ्यावं लागतं. हाड दगडापेक्षा हलकं लागतं. माझ्या हाताला आधी एक बटण लागलं, मग एक दात. माझ्याबरोबरच्या काकांनी तो दात ओल्या कापसात ठेवला आणि म्हणाले, डीएनएसाठी दात सगळ्यात चांगला. लहान मुलांची हाडं मात्र बहुतेक मिळतच नाहीत, ती माती झालेली असतात.

मंत्रिमहोदय, हे मी इतकं लांबवून सांगितलं कारण आपलं खातं जे उत्तर देतं त्यात याचा पत्ताच नसतो. माती घेताना अवशेष दिसले तर काम थांबवू, असं सांगितलं जातं. यंत्राच्या फाळ्याला हलकं-जड कळत नाही. जे हातावर घेतल्याशिवाय ओळखू येत नाही, ते उत्खनकाच्या केबिनमधून कोण ओळखणार आहे?

माझ्या तक्रारी अशा आहेत.

एप्रिल २०२० मध्ये आपल्या खात्याच्या ओकिनावा कार्यालयाने हेनोकोच्या भरावाचा सुधारित आराखडा दिला. हेनोकोजवळच्या ओउरा खाडीतली समुद्राखालची जमीन मऊ निघाली, म्हणून तो बदल होता. त्यात मातीच्या स्रोतांमध्ये इतोमान आणि याएसे पहिल्यांदा आले, आणि या दोन ठिकाणांहून ३ कोटी घनमीटरहून अधिक माती मिळू शकेल असं लिहिलं. म्हणजे ओकिनावातून मिळू शकणाऱ्या मातीचा मोठा वाटा ज्या जमिनीत सर्वांत जास्त माणसं मेली तिथूनच. हा भाग काही बेवारस रान नाही. रणभूमी म्हणून त्याला संरक्षित उद्यानाचा दर्जा सरकारनेच दिला आहे.

विरोध झाला तेव्हापासून एकच उत्तर मिळतं : माती कुठून घ्यायची हे अजून ठरलेलं नाही. मार्च २०२१ मध्ये गुशिकेन यांनी नाहाला प्रांत कार्यालयासमोर सहा दिवस उपोषण केलं. पुढच्या महिन्यात प्रांताच्या विधानसभेने, तळाच्या बाजूने असलेल्या आणि विरोधातल्या सगळ्या सदस्यांनी मिळून, अवशेष असलेली माती वापरू नका असा एकमुखी ठराव केला. जपानच्या मुख्य बेटांवरच्या कितीतरी स्थानिक सभागृहांनी तसेच ठराव पाठवले. तरी उत्तर तेच. ठरलं नसेल, तर नाही असं ठरवायला काय अडचण आहे? डिसेंबर २०२३ मध्ये प्रांताचा नकार बाजूला सारून केंद्राने स्वतःच आराखड्याला मंजुरी दिली आणि जानेवारीत खाडीच्या बाजूचं काम सुरू केलं. तेव्हा निर्णय घ्यायला उशीर लागला नाही.

हेनोकोला तळ असावा की नसावा, हे मी परदेशी बाईने सांगायचं नाही. ते ओकिनावाच्या लोकांनी सांगितलं आहे. २४ फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी भरावाला नकार दिला. जपानमधली जी जागा केवळ अमेरिकी सैन्य वापरतं, तिच्यातली जवळजवळ ७० टक्के जागा जपानच्या भूमीचा ०.६ टक्के भाग असलेल्या या एका प्रांतात आहे. पण मातीचा प्रश्न याच्याही आधीचा आहे. तळाच्या बाजूने असलेल्या घरांतही आजी-आजोबा त्या वाटेवर मेलेच आहेत.

आणखी एक सल आहे. २००७ मध्ये पाठ्यपुस्तकं तपासताना, लढाईत गावकऱ्यांनी केलेल्या सामूहिक आत्महत्यांमागे जपानी सैन्याची सक्ती होती हा उल्लेख काढायला लावला गेला. त्या सप्टेंबरात गिनोवानला प्रचंड निषेध सभा झाली. माझ्या डे-केअरमधले एक आजोबा, जे एरवी घराबाहेर पडत नसत, चाकाच्या खुर्चीतून त्या सभेला गेले होते. योमितानच्या चिबिचिरी गुहेत ८० हून अधिक माणसांनी एकमेकांचे जीव घेतले, आणि तिथून जवळच्याच शिमुकू गुहेत हवाईहून परतलेल्या दोघा गावकऱ्यांनी अमेरिकी सैनिक मारणार नाहीत हे पटवून दिलं म्हणून हजारभर लोक जिवंत बाहेर आले. शत्रूच्या हाती पडलात तर हाल होतील हे कुणी शिकवलं होतं, ते या दोन गुहा शेजारी ठेवल्या की कळतं. पुस्तकातला उल्लेख लोकांनी ओरडून परत आणवला, तोही अर्धाच. समुद्रात गेलेलं हाड ओरडून परत येत नाही.

ज्यांनी ही लढाई लढली त्यांच्यातल्याच एका अधिकाऱ्याचं म्हणणं आपल्यापुढे ठेवते. ६ जून १९४५ ला नौदलाचे रिअर अॅडमिरल ओता मिनोरू यांनी तोमिगुसुकूच्या भुयारातून तोक्योला तार केली. ओकिनावाच्या लोकांनी काय काय सोसलं ते सांगून शेवटी लिहिलं की पुढच्या काळात या लोकांचा विशेष विचार व्हावा. आठवड्याभरात त्यांनी स्वतःला संपवलं. ती तार ज्या सरकारला केली होती त्याच सरकारच्या खुर्चीवर आज आपण आहात.

भारताचाही इथे थोडा संबंध आहे, तो मराठी वाचकांना फारसा माहीत नसतो. १९५१ साली भारताने सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता करारावर सही करायला नकार दिला. त्याच्या कारणांपैकी एक हे होतं की ओकिनावासह र्‍युक्यू बेटं जपानपासून तोडून अमेरिकेच्या हाती ठेवली जात होती. पुढच्या वर्षी भारताने जपानशी स्वतंत्र तह केला. ओकिनावा १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिला. इथल्या म्हाताऱ्यांना भारताची ही भूमिका कळली की ते माझा हात धरतात. त्या हाताच्या भरवशावरच मी हे लिहायचं धाडस केलं आहे.

माझ्या मागण्या अशा.

इतोमान आणि याएसे ही नावं मातीच्या स्रोतांतून लेखी वगळावीत. तळाचं पुढे काय होतं याच्याशी ते जोडू नये.

दक्षिणेच्या रणभूमीत कुठल्याही कामासाठी, मग तो तळ असो, रस्ता असो की इमारत, माती उचलण्याआधी हातांनी शोध घ्यावा. गुशिकेन यांच्यासारख्या जाणत्यांना त्यात अधिकाराने बोलवावं, नुसतं बघायला नव्हे, आणि खर्च सरकारने करावा. २०१६ च्या कायद्याने युद्धमृतांचे अवशेष शोधणं ही राष्ट्राची जबाबदारी ठरवली आहे. तो कायदा सरकारचं एक खातं पाळतं आणि दुसरं त्याच जमिनीवर यंत्र लावायचं नाकारत नाही, हे थांबावं.

मिळालेले अवशेष डीएनए तपासणी होईपर्यंत जाळू नयेत, आणि तपासणीची माहिती ओकिनावातल्या प्रत्येक घरी जाऊन सांगावी. नमुना द्यायचा असतो हेच आमच्या डे-केअरमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ती पिढी आता नव्वदीला टेकली आहे. कागद पाठवून भागणार नाही, माणूस पाठवावा.

आणि या जमिनीत अमेरिकी आहेत, मजुरीसाठी आणलेले कोरियन आहेत. माबुनीच्या ‘शांतीच्या पायाभरणी’च्या शिळांवर २ लाख ४० हजारांहून अधिक नावं कोरली आहेत, शत्रू-मित्र न पाहता, आणि दर जूनला नवी नावं वाढतात. कोरियन कुटुंबांनाही आपल्या नमुन्यांची तपासणी करून मिळावी. अमेरिकी सरकारलाही मी हेच विचारते : आपल्या मेलेल्या सैनिकांना जगभर शोधत फिरणारा देश, त्यांचीच हाडं असू शकतील अशा भरावावर विमानं उतरवणार आहे का?

यंदाच्या २३ जूनलाही मी आजींना घेऊन कोमेसूला जाणार आहे. गेल्या वर्षी परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं, “ती माती खरंच नेणार का?” खाणीकडे जाणारा रस्ता स्मारकापासून दिसतो. मी म्हटलं, अजून ठरलं नाही म्हणतात. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या, आणि मोडून उरलेली उदबत्ती परत कागदात गुंडाळली. यंदाही त्या विचारतील. त्याआधी आपलं उत्तर मला लेखी मिळावं, म्हणजे ते त्यांना वाचून दाखवता येईल.

आपली विश्वासू,
ओकिनावात राहणारी एक मराठी बाई
उरासोए, ओकिनावा